‘आम्ही’ आणि ‘आपण’ : अभियांत्रिकीच्या प्रकल्प-प्रस्तावाची भाषा

अभियांत्रिकीच्या पदवी-अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या गटाला एखाद्या वस्तूची वा व्यवस्थेची रचना करावी लागते, आणि ती हाती घेण्यापूर्वी तिच्याविषयीचा एक लेख विभागाच्या समितीपुढे ठेवावा लागतो. चार-पाच विद्यार्थी, आठ-दहा पानांचा मजकूर, शेवटी सर्वांच्या सह्या व मार्गदर्शकाची सही, असे या लेखाचे बाह्य रूप. विद्यार्थी त्याला ‘सिनॉप्सिस’ म्हणतात. नियमावलीत ‘प्रकल्प-प्रस्ताव’ असे भारदस्त नाव असते. वर्षाअखेरीस जो बांधीव अहवाल तयार होतो, ज्याला मुंबई-पुण्याकडचे विद्यार्थी ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, त्याच्या तुलनेत हा आरंभीचा लेख उपेक्षित राहतो. मंजुरी मिळाली की तो फायलीत जातो, आणि पुढे बहुधा कोणी वाचीत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने या कागदाकडे वळावे असे त्यात प्रथमदर्शनी काही दिसत नाही. तथापि थोडे थांबून पाहिले तर त्याची घडण विलक्षण आहे. अनेक लेखक एकत्र येऊन, अद्याप अस्तित्वात नसलेल्या वस्तूविषयी, प्रसंगी उपस्थित नसलेल्या तिसऱ्याच कोणासाठी, एका परीक्षक वाचकाला वचन देतात. बोलणारा कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणत्या काळात बोलतो, हे कथनमीमांसेतील प्रश्न येथे केवळ सैद्धान्तिक राहत नाहीत. त्यांचे उत्तर चुकले तर यंत्र चुकते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार मराठीच्या अंगाने केला आहे, आणि त्यासाठी मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याच्या मझौली या तहसिलीचे क्षेत्र उदाहरणादाखल समोर ठेवले आहे.

जबलपूर मराठी वाचकास परके नाही. १९५६ पर्यंत हे शहर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्याच्या भाषा होत्या. १९४७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या शासनाने अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन केले ते जबलपुरास. नागपूरला विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये निघाले, म्हणजे राज्यपुनर्रचनेनंतर. तेव्हा अभियांत्रिकी शिक्षणाच्या संदर्भात जबलपूर हे मराठी-हिंदी सीमेवरचे नव्हे, तर दोन्ही भाषांच्या सामाईक अंगणातले गाव होते असे म्हणणे अधिक योग्य. मझौली त्या शहराच्या उत्तरेकडील ग्रामीण भागात आहे. कलचुरी काळातील वराहमूर्तीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना तिचे नाव ठाऊक असते. व्यापाऱ्यांना ते हिवाळ्यातील मटारामुळे ठाऊक असते. येथे संबंध आहे तो मटाराशी.

परंतु मटाराकडे येण्यापूर्वी ‘प्रकल्प’ या शब्दाशी थोडे थांबावयास हवे. इंग्रजीतील ‘प्रोजेक्ट’साठी हिंदीने ‘परियोजना’ हा शब्द प्राधान्याने स्वीकारला, मराठीने ‘प्रकल्प’. पहिल्यात ‘युज्’ धातू आहे: जोडणे, जुंपणे, योजणे. दुसऱ्यात ‘कल्पना’ शब्दातलाच धातू आहे. यावरून हिंदी भाषक योजतो आणि मराठी भाषक कल्पना करतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, आणि मराठीत ‘प्रकल्प’ या शब्दाचा वापर गेल्या काही दशकांत एका विशिष्ट दिशेने झाला. कोयनेपासून पुढे धरणे बांधली गेली आणि ‘दुष्काळग्रस्त’, ‘पूरग्रस्त’ यांच्या धर्तीवर ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द रूढ झाला. कायद्याने जरा सौम्य ‘प्रकल्पबाधित’ पत्करला. १९८६ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या नावातच तो आहे. म्हणजे मराठीत प्रकल्प म्हटले की तो करणाऱ्याबरोबर तो ज्याच्यावर येऊन पडतो तोही मनात उभा राहतो. नर्मदेवरील बर्गी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले, ते याच जबलपूर जिल्ह्यात. त्यामुळे हा अनुभव त्या भागालाही नवा नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प धरणाएवढा नसतो हे खरे. तरीही त्यात तिसरा माणूस असतोच, आणि प्रस्ताव लिहिताना पहिली चूक होते ती त्याच्याच बाबतीत.

सामूहिक रचना-प्रकल्पाची कल्पना अभ्यासक्रमात आली कशी, हे थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील हार्वी मड महाविद्यालयाने १९६३ मध्ये ‘क्लिनिक’ या नावाने असा उपक्रम सुरू केला, की ज्यात बाहेरील संस्थेची खरी अडचण विद्यार्थ्यांच्या गटापुढे ठेवली जाई. वैद्यकातील रुग्णालयासारखी जागा अभियंत्याला शिकताना मिळावी, असा त्यामागचा आशय होता. पुढे पदवीच्या शेवटी मोठा रचना-प्रकल्प असावा ही अपेक्षा मूल्यांकनाच्या निकषांत शिरली. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. त्या कराराच्या गुणवैशिष्ट्यांत गणित-विज्ञानाच्या बरोबरीने गटात काम करणे, लेखी व तोंडी संप्रेषण आणि समाजाविषयीची जबाबदारी यांचाही समावेश आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानाने उच्चशिक्षणसंस्थांना खेड्यांशी जोडण्याचा प्रयत्न केला. या दोन प्रवाहांचा संगम जिथे होतो तिथे प्रस्तावात गावाचे नाव येते.

आता मझौली. समजा, जबलपुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी ठरविले की मझौलीच्या मटार-उत्पादकांसाठी काही करावयाचे. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ‘गरज’ या मथळ्याखाली त्यांनी काय लिहावे? अशा वेळी सर्वांत आधी सुचणारे वाक्य साधारणतः असे असते: ‘या भागात शेतकऱ्यांसाठी लहान शीतगृहाची सोय नाही.’ हे वाक्य खरे असो वा नसो, ते गरज सांगत नाही. ते उत्तर सांगते आणि त्या उत्तराच्या अभावाला गरज म्हणते. असे वाक्य लिहिले की पुढील सर्व पाने शीतगृहाचीच होणार, दुसरे काही सुचण्याची वाटच बंद होते. दुसरे सुचणारे वाक्य याच्या उलट टोकाचे: ‘काढणीनंतर शेतमालाचे मोठ्या प्रमाणावर नुकसान होते.’ हे कोणत्याही पिकाविषयी, कोणत्याही जिल्ह्यात, कोणत्याही वर्षी लिहिता येते. त्यात मझौली नाही, मटारही नाही.

तिसऱ्या प्रकारचे वाक्य लिहावयाचे तर गावात जाऊन उभे राहावे लागते. ते काहीसे असे होईल: सकाळी तोडलेल्या शेंगा गोणीत दाबून भरल्या जातात, वाहन येईपर्यंत गोण्या बांधावर पडून राहतात, मंडीत पोचेतो गोणीच्या मधल्या शेंगा बाहेरच्या शेंगांपेक्षा गरम झालेल्या असतात. या वाक्यात उत्तर नाही. पण त्यात स्थळ आहे, वेळ आहे, क्रम आहे आणि मोजता येईल अशी एक गोष्ट आहे. कादंबरीकाराला याची ओळख पटेल. वर्णन आणि मतप्रदर्शन यांतला हा जुनाच भेद आहे. अभियांत्रिकीत मात्र त्याचे परिणाम रुपयांत आणि अंशांत निघतात.

या वाक्यामागील शास्त्र साधे आहे, पण ते जाणल्याशिवाय वाक्याचे मोल कळत नाही. तोडलेली शेंग जिवंत असते आणि श्वसन करीत राहते. भाज्यांमध्ये हिरव्या मटाराचा श्वसनवेग फार मोठा. २० अंश सेल्सिअस तापमानाला तो शून्य अंशाच्या तुलनेत सुमारे सात पट होतो. श्वसनातून उष्णता निघते, ती दाबून भरलेल्या गोणीत अडकते, तिने तापमान वाढते आणि वाढलेल्या तापमानाने श्वसन आणखी वाढते. याच अवधीत दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होत राहते. म्हणून सकाळी गोड असलेला दाणा रात्री पिठूळ लागतो. शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत शेंगा आठवडा-दोन आठवडे टिकतात, हे बरोबर. म्हणजे शीतगृहाची कल्पना मुळात चुकीची नाही. पण तिसऱ्या वाक्याने प्रश्न उभा केला आहे तो तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांचा, आणि त्या तासांत शीतगृह असते दूर. मग विचार करावयास अनेक वाटा मोकळ्या होतात: गोणीऐवजी हवा खेळेल अशी पेटी, बांधावर उभारता येईल असा सावलीचा मांडव, ओल्या तागाच्या आधारे बाष्पीभवनाने थंडावा, किंवा नुसता तोडणीच्या वेळेत बदल. शेवटची वाट बिनखर्चाची वाटते. तेथेच थांबावयास हवे.

कारण तोडणी करणारे हात प्रस्तावात अजून आलेलेच नाहीत. शेंगा तोडण्याचे काम हाताने होते आणि त्यात मजूर स्त्रियांचा वाटा मोठा असतो. ‘तोडणी पहाटे करावी’ असे तीन शब्द लिहिताना कोणाची तरी पहाट बदलते: घरचे पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा यांची घडी मोडते, जानेवारीच्या दवात हात गारठतात, मजुरी वजनावर असेल तर गारठलेल्या हातांची मजुरीही घटते. शेंगेची साखर वाचली ती कोणाच्या पदरातून? हा प्रश्न प्रस्तावात विचारलाच गेला नाही, तर मजूर स्त्री ही त्या लहानशा प्रकल्पाची प्रकल्पग्रस्त ठरते. शेतमालकाने सांगितलेली अडचण आणि तोडणाऱ्या स्त्रीने सांगितलेली अडचण या एकाच गोणीच्या दोन हकिकती आहेत. प्रस्तावात दोन्ही याव्यात, आणि शक्य तोवर सांगणाऱ्याच्या शब्दांत याव्यात. त्या बहुधा बुंदेली वळणाच्या हिंदीत सांगितल्या जातील, गट त्या आपापसात प्रमाण हिंदीत बोलेल, आणि प्रस्ताव इंग्रजीत लिहिला जाईल. या दोन भाषांतरांत काय गळते हे पाहण्याची तालीम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास नसते. ती असते भाषांच्या विभागांत. पण त्या विभागाचा जिना अभियांत्रिकीचा विद्यार्थी सहसा चढत नाही, आणि भाषेचा प्राध्यापकही कार्यशाळेत फारसा डोकावत नाही.

येथे मराठी व्याकरणाची एक सोय विशेष उपयोगी पडते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नाङ्गळ्’ व ‘नाम्’ असाच भेद करतात, आणि मराठी-गुजरातीतील हा विशेष अनेक भाषाशास्त्रज्ञ द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडतात. इंग्रजीला हा भेद नाही. प्रमाण हिंदीतील ‘हम’लाही तो नाही. परिणामी इंग्रजी प्रस्तावातील ‘वुई’ हे सर्वनाम सोयीस्करपणे धूसर राहते. ‘वुई नीड अ सोल्यूशन’ या वाक्यात गरज कोणाची? विद्यार्थ्यांची, शेतकऱ्यांची, की समितीसकट सर्व मानवजातीची? हेच वाक्य मराठीत लिहू गेल्यास लेखकाला थांबून निवड करावीच लागते.

आणि या निवडीचा क्रियापदावर परिणाम होतो. ‘गोणीच्या मध्यभागाचे तापमान आम्ही मोजू’ हे वचन आहे. ‘गोणीच्या मध्यभागाचे तापमान आपण मोजू’ हे आमंत्रण आहे. क्रियापदाचे रूप दोन्हीकडे ‘मोजू’ हेच. वचन की आमंत्रण हे केवळ सर्वनामाने ठरते. सामूहिक प्रस्तावात या दोन्ही प्रकारच्या वाक्यांना जागा आहे, पण त्या जागा भिन्न आहेत. ज्याचा हिशेब समितीला द्यावयाचा ते ‘आम्ही’. जे शेतकरी वा मजूर यांच्या सहभागावाचून होणार नाही ते ‘आपण’, आणि तेथे त्या सहभागाविषयी त्यांच्याशी बोलणे झाले आहे की नाही हेही लिहिले पाहिजे. गटाला स्वतः करावयाचे काम ‘आपण’मध्ये घालून गावावर ढकलणे, किंवा गावाच्या अनुमतीचा निर्णय ‘आम्ही’मध्ये गुंडाळून परस्पर घेणे, हे दोन्ही दोष एका अक्षरी बदलाने घडतात. (‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी रूपही आहे, त्यामुळे समितीला उद्देशून लिहिलेल्या कागदात कधीकधी गोंधळ होतो. त्यावर उपाय एकच, की समितीला ‘समिती’ म्हणावे.)

क्रियापदांची आणखी एक श्रेणी लक्षात घेण्याजोगी आहे. ‘मोजू’ यात जबाबदारी सर्वांत स्पष्ट. ‘मोजणार आहोत’ यात हेतू आहे. ‘मोजता येईल’ यात केवळ शक्यता. ‘मोजावे’ यात कर्तव्य आहे, पण ते कोणाचे हे गुलदस्त्यात. या प्रत्येकाला प्रस्तावात स्थान आहे. कोणत्या गोष्टीचे वचन देता येते आणि कोणती गोष्ट अजून शक्यतेच्या पातळीवर आहे हे वेगळे दाखविणे हाच तर प्रस्तावाचा प्राण. या सर्वांच्या शेवटी येते ते ‘मोजण्यात येईल’. शासकीय मराठीने घरोघर पोचविलेले हे रूप विद्यार्थ्यांना शास्त्रीय वाटते, कारण इंग्रजी शास्त्रीय लेखनातील कर्मणी प्रयोगाशी त्याचे साम्य दिसते. पण पार पडलेल्या प्रयोगाच्या अहवालात कर्ता लपला तरी फारसे बिघडत नाही, कारण काम झालेले असते. न झालेल्या कामाच्या कागदात कर्ता लपला तर काम कोणाचेच राहत नाही. चौघांच्या गटात ‘करण्यात येईल’ याचा व्यवहारातील अर्थ ‘चौघांपैकी दुसरे कोणीतरी करील’ असाच होतो. हे रूप प्रस्तावातून सरसकट वर्ज्य करावे असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

अनेकांनी मिळून एका कागदाला बांधून घेणे ही गोष्ट मराठीला नवी नाही, हे येथे आठवणे प्रस्तुत ठरेल. मराठेशाहीतील महजर हा अशा कागदाचा ठळक नमुना. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकले जाई, निवाडा लिहिला जाई आणि हजर असलेले त्यावर आपली साक्ष घालीत. लिहिता न येणारे आपल्या व्यवसायाची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. बलुतेदारही आपापले हत्यार काढीत. मोडी मजकुराखाली रेखलेला तो नांगर सांगतो की या माणसाने काय पाहिले ते तो कुठे उभा होता यावरून समजून घ्यावे. हल्लीच्या प्रस्तावाच्या शेवटी चार नावे आणि चार हजेरीक्रमांक असतात. त्यांवरून कोण वेल्डिंग करणार, कोण आकडेमोड करणार, कोण मझौलीला जाऊन बोलणार, यांतले काही कळत नाही. महजर हा निवाडा होता आणि प्रस्ताव हा संकल्प आहे. पहिला झाल्या गोष्टीचा, दुसरा होऊ घातलेल्या गोष्टीचा. दोहोंची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तरी सामूहिक दस्तऐवजात प्रत्येकाचे स्थान वेगळे दिसले पाहिजे हा विवेक त्या जुन्या कागदात अधिक होता, हे मान्य करावयास हरकत नसावी.

‘आम्ही’ या शब्दाची दुसरी अडचण काळाची आहे. विद्यार्थ्यांचा ‘आम्ही’ अल्पायुषी असतो. निकाल लागला की तो विखुरतो. या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन उपग्रह-प्रकल्प उद्बोधक आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ‘प्रथम’ या उपग्रहाची कल्पना मांडली. सुमारे १० किलो वजनाचा तो उपग्रह आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची संख्या मोजण्यासाठी होता आणि श्रीहरिकोटाहून त्याचे उड्डाण झाले ते २६ सप्टेंबर २०१६ रोजी. त्याच वर्षी २२ जूनला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा, जेमतेम किलोभर वजनाचा, ‘स्वयम्’ अवकाशात गेला. हे दोन्ही उपक्रम अभ्यासक्रमातील एका वर्षाच्या प्रकल्पाहून फार मोठे; शेवटच्या वर्षाच्या मोजपट्टीने ते मोजता येणार नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट नीट दिसते. चार वर्षांची पदवी आणि नऊ वर्षांचा ‘प्रथम’ यांचे गणित जुळावयाचे तर गट बदलत राहणे अपरिहार्य होते. ज्यांनी पहिला कागद लिहिला ते आणि ज्यांनी उड्डाण पाहिले ते, यांच्यामधला ‘आम्ही’ हा माणसांनी नव्हे तर कागदांनी सांधलेला होता. एखादा निर्णय का घेतला आणि कोणता पर्याय का सोडला, हे लिहिलेले नसेल तर पुढच्या तुकडीला तो निर्णय दैवी आज्ञेसारखा वाटतो, किंवा मूर्खपणाचा. नाकारलेल्या पर्यायांचे पान हे म्हणूनच प्रस्तावातील सर्वांत दीर्घायुषी पान असते. मझौलीच्या उदाहरणात बोलावयाचे तर ‘तोडणी पहाटे करण्याचा पर्याय का सोडला’ हा परिच्छेद पुढच्या वर्षीच्या गटाला शीतपेटीच्या आराखड्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

सर्व प्रस्तावांत ‘साहित्य-सर्वेक्षण’ नावाचे एक प्रकरण असते. साहित्याच्या अभ्यासकाला येथे क्षणभर आशा वाटते. ती फलद्रूप होत नाही. मराठीत ‘साहित्य’ म्हणजे वाङ्मय आणि ‘साहित्य’ म्हणजे सामग्रीही, त्यामुळे काही विद्यार्थी त्याखाली पत्रा, तार आणि नळ्यांची यादी देऊन मोकळे झाले तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. पूर्वी कोणी काय केले आणि ते कुठे अडले, एवढे तेथे अपेक्षित असते. याहून अधिक या प्रकरणाविषयी सांगण्यासारखे नाही.

आता प्रश्न उरतो माध्यमाचा. मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्याचा प्रयत्न अगदी आरंभीचा आहे. मुंबईत १८२३ मध्ये कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियांत्रिकीची जी संस्था निघाली तिच्यात देशभाषांतून शिक्षण दिले जाई आणि त्यासाठी मराठीत गणिताची पुस्तके तयार झाली. ती संस्था १८३२ मध्ये बंद झाली. पुढे १८४७ च्या सुमारास शिक्षणमंडळात अर्स्किन पेरी आणि जर्व्हिस यांच्यात इंग्रजी की देशभाषा हा वाद झाला तेव्हा देशभाषांची बाजू मांडणारा मनुष्य व्यवसायाने अभियंता होता, ही गोष्ट वाङ्मयेतिहासांत पुरेशा ठळकपणे येत नाही. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी देण्याचा आरंभ झाला, आणि पिंपरी चिंचवड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग निघाला.

या निमित्ताने जी चर्चा होते ती बहुतांशी परिभाषेची. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, त्याने स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा शाखांचे परिभाषाकोश सिद्ध केले. ते अपुरे की दुर्बोध यावर वाद रंगतात. परिभाषा महत्त्वाची आहेच. पण व्याख्यान समजण्यासाठी परिभाषा पुरते, प्रस्ताव लिहिण्यासाठी पुरत नाही. तेथे वाक्य लागते: अट घालणारे, मर्यादा मान्य करणारे, शक्यता आणि वचन वेगळे ठेवणारे. ‘टॉर्क’ला काय म्हणावे हे न सुटले तरी प्रस्ताव अडत नाही, ‘टॉर्क’च म्हणावे. ‘हे आम्हाला अजून ठाऊक नाही, आणि ते आम्ही अमुक रीतीने शोधू’ हे वाक्य संकोचावाचून लिहिता आले नाही तर मात्र अडते. मराठी माध्यमाची खरी कसोटी पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात नसून शेवटच्या वर्षाच्या या आठ-दहा पानांत आहे.

काही ठिकाणी ही कसोटी वेगळ्या रीतीने घेतली गेली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘सितारा’ हे ग्रामीण क्षेत्रांसाठीच्या तंत्रज्ञान-पर्यायांचे केंद्र १९८५ पासूनचे. त्या केंद्राच्या विद्यार्थ्यांनी रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा अभ्यास केला. नळयोजना असूनही टाकीत पाणी का चढत नाही, हा तेथला प्रश्न नुसत्या द्रवगतिकीचा नसतो. वीजबिल कोणी भरले नाही, झडप कोणाच्या अंगणात आहे, वरच्या वाडीचा आणि खालच्या वाडीचा संबंध कसा आहे, या गोष्टी मराठीत ऐकल्यावाचून कळत नाहीत. अहवाल इंग्रजीत झाला तरी त्याचे पहिले टिपण मराठीतच घ्यावे लागते. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियानाच्या रूपाने हीच रीत राज्यातील इतर महाविद्यालयांपर्यंत नेण्याचे ठरविले.

मझौलीच्या बाबतीत एक वेगळीच गंमत आहे. वर म्हटल्याप्रमाणे प्रमाण हिंदीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेद नाही. परंतु जबलपूरकडील बोलीच्या हिंदीत ‘अपन’ हे सर्वनाम सर्रास चालते, आणि ते नेमके मराठी ‘आपण’चे काम करते: ‘अपन चलते हैं’ म्हटले की ऐकणारा बरोबर निघालेला असतो. चार विद्यार्थी बांधावर बसून शेतकऱ्याशी आणि तोडणाऱ्या स्त्रियांशी बोलतील तेव्हा ‘हम’ आणि ‘अपन’ दोन्ही त्यांच्या तोंडी येतील, आणि कोणते कुठे वापरावे याविषयी त्यांची क्षणभरही चूक होणार नाही. संध्याकाळी वसतिगृहात येऊन ते प्रस्ताव हिंदीत लिहावयास बसले, तर ‘अपन’ ग्राम्य म्हणून खोडले जाईल आणि त्या जागी ‘हमारे द्वारा’ येईल. इंग्रजीत लिहावयास बसले, तर तेही उरणार नाही.